सहा सेंटिमीटर पाणी

आमच्या रेवाला जांभूळशेतच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत प्रवेश मिळाला. पट चाळीसचा, तिचा क्रमांक चाळीस. यादीत तिचं नाव शेवटचं होतं आणि त्याखाली मुख्याध्यापक उगले सरांनी पट्टीने रेघ मारली होती.

हे झालेलं नाही, असं आपण धरून चालू. मी गेले दोन महिने तसंच धरून चालतोय आणि बऱ्यापैकी जमतं. फक्त सकाळी शाळेची घंटा होते तेव्हा थोडी अडचण येते, म्हणून त्या वेळी मी मिक्सर लावतो. रिकामा.

तर अजून काहीच झालेलं नाही. २०४१ सालचा ऑक्टोबर आहे. मी, बायको ऋजुता आणि साडेपाच वर्षांची रेवा पुण्यात दोन खोल्यांत राहतो. शहरापासून सव्वीस किलोमीटरवर जांभूळशेत नावाचं गाव उपनगर व्हायच्या बेतात आहे आणि तिथे आम्ही सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. इमारत सध्या चौथ्या मजल्यापर्यंत आलेली आहे. म्हणजे आमचं घर आहे, पण हवेत. बिल्डरने दिवाळीत ताबा देऊ म्हणून सांगितलंय, कुठल्या दिवाळीत ते विचारणं आम्हाला असभ्य वाटलं. मी पोटापाण्यासाठी लिफ्टमध्ये बोलणाऱ्या बाईची वाक्यं लिहितो. ‘दार बंद होत आहे’ हे माझं नाही, ते पारंपरिक आहे. ‘घाई करू नये, वरही असंच आहे’ हे माझं. ते नाकारलं गेलं.

शाळा निवडण्याचं काम ऋजुताकडे होतं. ती एका बँकेसाठी जोखीम मोजते, त्यामुळे तिने अकरा सरकारी शाळांचा तक्ता केला, एकोणीस रकान्यांचा. सरकारीच का, तर तोवर सगळेच सरकारीकडे पळत होते. सरकारी शाळा अचानक चांगल्या कशा झाल्या याबद्दल मतभेद आहेत. सरकार म्हणतं, धोरणामुळे. माझ्या मते खासगी शाळांनी बालवाडीच्या मुलांकडून पंचवार्षिक नियोजन लिहून मागितलं, त्या वर्षी लोकांचा धीर सुटला.

ऋजुताच्या तक्त्यात संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, असाही रकाना होता. सात शाळा तिथेच गळल्या. तीन शाळा चौथीला संपत होत्या, म्हणजे पाचवीला पुन्हा हाच तमाशा. उरली जांभूळशेतची. पहिली ते आठवी एकाच आवारात, कडी दोन्हीकडून, आणि शेवटच्या रकान्यात उगले सरांनी स्वतः दिलेली माहिती होती: भागाकार शिकताना रडलेली मुलं, गेल्या तीन वर्षांत शून्य. ऋजुताने त्या शून्याभोवती आणखी एक गोल काढला. ती स्वतः भागाकाराला रडलेली होती.

अडचण एकच होती. प्रवेश शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनाच, आणि राहणं म्हणजे खरोखर राहणं. पूर्वी लोक खोटे भाडेकरार करायचे. एका वर्षी शाळेसमोरच्या पिठाच्या गिरणीत कागदोपत्री चौतीस कुटुंबं राहत होती. तेव्हा शिक्षण खात्याने कागदावरचा विश्वास काढून घेतला आणि केसांवर ठेवला.

केस तपासणारं हे यंत्र समजायला सोपं आहे. पाण्याचे सगळे रेणू सारखे नसतात. पाचशेत एखाद्या रेणूतला ऑक्सिजन किंचित जड असतो. ऊन लागलं की हलके रेणू आधी वाफ होऊन निघून जातात, जड मागे बसून राहतात. त्यामुळे उघड्यावर तापणाऱ्या साठ्यातलं पाणी जड होत जातं, डोंगरातल्या झऱ्याचं हलकं राहतं, आणि दर साठ्याचा आपला एक आकडा ठरतो. आपण जे पाणी पितो, ज्या पाण्यात शिजवलेलं खातो, त्याचा तो आकडा केसात उतरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे गेल्या सहा महिन्यांत माणूस कुठलं पाणी प्यायला हे मुळापासूनच्या सहा सेंटिमीटरांत लिहिलेलं असतं, आणि ते खोडता येत नाही. मे महिन्यात मुलाच्या मानेजवळचे थोडे केस कापायचे, यंत्रात घालायचे. सहाच्या सहा सेंटिमीटर गावच्या पाण्याचे निघाले की ‘जलाधिवास दाखला’ मिळतो. यंत्राला वशिला चालत नाही. ते बसवलं तेव्हा पेढे वाटले होते.

परिणाम असा झाला की जांभूळशेतला पाच-सहा वर्षांची सगळी मुलं अंबाडा घालून हिंडत होती, कारण सहा सेंटिमीटर केस पाहिजेत. गावातला न्हावी हिवाळाभर दुकानात बसून कॅरम खेळायचा. मुलगे कुठले आणि मुली कुठल्या हे ओळखायला अंगणवाडीच्या बाईंनी हातावर शाईचे ठिपके सुरू केले होते.

आमच्यापाशी केस होते. घर हवेत होतं आणि पाणी नव्हतं. कल्पना माझी. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे, कारण घरात आम्ही ‘आपली कल्पना’ असं म्हणतो. मी म्हणालो, आपण गावात जाऊ शकत नाही तर गावचं पाणी आपल्याकडे येऊ दे. तसंही आपण तिकडे राहायला जाणारच आहोत, आपण फक्त थोडे आधी प्यायला लागू. ऋजुताने तक्त्यात विसावा रकाना उघडला.

पाणी मला रेश्माताईंनी दिलं.

रेश्मा थोपटे आमच्या अर्धवट इमारतीच्या शेजारी, शाळेच्या भिंतीला लागून राहायच्या. शाळेच्या दारापासून त्यांचं दार मी पुढे मोजलं, एकशे चाळीस पावलं. डोंगरातल्या झऱ्यावरून गावाला नळ होता, तो दर तिसऱ्या दिवशी तासभर यायचा. मी दोन वीस लिटरचे कॅन घेऊन अंगणात उभा राहिलो तेव्हा त्यांनी हातपाय धुवायला तांब्या पुढे केला आणि मग विचारलं, कोण आपण. आदल्या दिवशी मी खरं कारण सांगायचं ठरवलं होतं. पण त्यांची मुलगी कार्तिकी पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. साडेपाच वर्षांची, डोक्यावर अंबाडा. मला एकदम कळलं की ही त्याच चाळीस जागांच्या रांगेत आहे. म्हणून मी म्हणालो, माझ्या मुलीला पोटाचा विकार आहे, शहरातलं पाणी तिला सोसत नाही, वैद्यांनी सांगितलंय की डोंगराचं पाणी मानवेल.

“मानवतं ना,” रेश्माताई लगेच म्हणाल्या. “माझ्या नणंदेला पण हेच मानवलं. पोरीचं आहे दादा, त्याला काय विचारायचं? शनिवारी येत जावा.”

मी शनिवारी जात गेलो. स्कूटरच्या दोन्ही बाजूंना कॅन, सव्वीस किलोमीटर, नोव्हेंबर ते एप्रिल. घरी रेवाचा वेगळा कुकर, वेगळा माठ, वेगळा चहा, म्हणजे दूध. शाळेआधीची शाळा म्हणून ती जिथे जायची तिथे पाण्याची बाटली आमची. पाणीपुरी बंद. वाढदिवसाला दुसऱ्यांच्या घरी गेली तर सरबत नको म्हणायचं. असं करणारे आम्ही एकटे नव्हतो. इमारतीच्या ग्रुपवर एका गृहस्थाने मुलाला आठवड्यातून दोनदा गावच्या पाण्याने न्हाऊ घातल्याचं अभिमानाने कळवलं होतं. त्याने काही होत नाही, पाणी प्यावं लागतं. मी त्यांना सांगितलं नाही. एक जागा कमी झाली असती.

रेवाला मी एकदा सोबत नेलं, कारण रेश्माताई दर शनिवारी विचारायच्या, कशी आहे पोरगी. वाटेत मी तिला समजावलं की काकूंसमोर जरा पोट धरायचं. तिने तिथे जाऊन गुडघा धरला. रेश्माताई म्हणाल्या, कळा पायात उतरत असतील. कार्तिकी आत गेली, चिमूटभर ओवा घेऊन आली, आधी स्वतः चावून दाखवला, मग रेवाला दिला. नंतर दोघी भिंतीवर चढून शाळेतली प्रार्थना म्हणत बसल्या. कार्तिकीला ती अख्खी पाठ होती, आठवीच्या कवितांसकट, कारण सगळी शाळा तिला घरात बसून ऐकू यायची.

तिथेच मी एक गोष्ट पाहिली आणि मला ती समजली नाही. मुलींना तहान लागली. कार्तिकीने माठातलं पाणी काढून रेवाला दिलं आणि स्वतः मोरीजवळच्या निळ्या पिंपातलं प्यायली. रेवाने तिला माठातलं देऊ केलं तर म्हणाली, “ते तुझं आहे. आमचं इकडचं.”

मला वाटलं, पाहुण्याला माठातलं देतात. चांगलं वळण आहे, असं मी ऋजुताला घरी येऊन सांगितलंसुद्धा.

मेच्या पहिल्या आठवड्यात केस घेतले. शेवटच्या शुक्रवारी उगले सरांनी व्हरांड्यात यादी वाचली. चाळीस नावं. त्यातली सव्वीस मुलं मी ओळखत होतो, कारण ती आमच्याच ग्रुपवर होती आणि त्यांपैकी एकही अजून जांभूळशेतला एक रात्र झोपलेलं नव्हतं. चाळिसावं नाव रेवाचं. मग सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि अपात्रांची यादी वाचली. तीनच नावं होती. कुमारी कार्तिकी दिगंबर थोपटे, जलाधिवास: मोरदरा.

मोरदरा तिथून एकतीस किलोमीटर. तिथे दगडाची एक बंद पडलेली खाण आहे, तिच्यात पाणी साठतं आणि तिथून टँकर भरतात.

लोक हसले. रेश्माताईही हसल्या. त्यांच्या नवऱ्याचे आजोबा त्या शाळेच्या पायाचे दगड वाहायला होते, आणि दिगंबरराव हसत म्हणाले की यंत्र बिघडलंय, दुपारनंतर नीट होईल. मीही हसलो. मग पालकांना वाटलेल्या कागदांपैकी कार्तिकीचा कागद रेश्माताईंनी माझ्या हातात दिला, दादा तुम्ही शिकलेले, बघा जरा काय म्हणतंय ते.

कागदावर आलेख होता. मुळापासून सहा सेंटिमीटरपर्यंत रेघ वर, जड पाण्यात, सपाट. त्यापुढे करड्या रंगात आणखी दोन सेंटिमीटर होते, ते यंत्र छापतं पण मोजत नाही. सातव्या सेंटिमीटरला रेघ खाली आली होती, थेट झऱ्याच्या आकड्यावर. सातव्या सेंटिमीटरपर्यंत कार्तिकी जांभूळशेतची होती. नोव्हेंबरात ती मोरदऱ्याची झाली.

दिगंबरराव टँकर चालवतात हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. घरचाच टँकर, म्हणून निळं पिंप कधी रिकामं नसायचं. नळाला तासाभरात जेमतेम पाणी यायचं, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं तेवढंच. आठवड्याला चाळीस लिटर मी न्यायचो. ते कुठून येत असेल, हा प्रश्न वीस रकान्यांत कुठेच नव्हता. त्या घराने गावचं पाणी आजारी पोरीसाठी बाजूला काढून ठेवलं होतं आणि सहा महिने स्वतः खाणीचं प्यायलं होतं.

मी रेश्माताईंना म्हणालो, बघतो, तालुक्याला विचारतो.

तालुक्याच्या ठिकाणी जलाधिवास अधिकारी म्हणून श्रीमती वेलणकर होत्या. टेबलावर केसांची पाकिटं गठ्ठ्याने बांधलेली. मी आत गेलो, त्यांनी काम विचारलं आणि मी गणवेशाचा रंग विचारून बाहेर आलो. जिन्यात उभा राहून पुन्हा आत गेलो. या खेपेला सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. सातवा सेंटिमीटर बघा, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी नियमांची पुस्तिका माझ्याकडे वळवली. नियमात सहा होते.

मग माझ्या मुलीची जागा तिला द्या, मी म्हणालो.

“जागा तुमची नाही, शाळेची आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कबुली लिहून द्या, मी तुमचा दाखला रद्द करते. मुलीला वर्षभर कुठलीच सरकारी शाळा नाही. जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला जाईल. तोही तुमच्याच इमारतीतला आहे. ती थोपट्यांची मुलगी प्रतीक्षा यादीत नाही. ती मोरदऱ्याची आहे.”

“ती शाळेच्या भिंतीला टेकून राहते.”

“असेल. केसात तसं नाही.”

इथे मला जे वाटलं ते मी लिहितो, कारण पुढे लिहिणार नाही. मला बरं वाटलं. कबुलीने कार्तिकीला काही मिळणार नव्हतं आणि रेवाचं तेवढं जाणार होतं. गुन्हा कबूल करायला आलेल्या माणसाला इतकं सोयीचं उत्तर मिळू नये. मी त्यांचे आभार मानले, जाताना खुर्ची सरळ लावली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला ताबा मिळाला. बिल्डरने पहिल्यांदाच शब्द लवकर पाळला होता. लिफ्ट अजून नव्हती. सहा मजले चढताना रेवा माझीच वाक्यं बाईच्या आवाजात म्हणायची. इमारतीला नळ नाही, टँकर येतो. दिगंबररावांचा. आता आमच्या घरात सगळे मोरदऱ्याचं पाणी पितात आणि रेवाचा केस पहिल्या सेंटिमीटरपासून बाहेरगावचा व्हायला लागलाय. पण यंत्र फक्त पहिलीला आणि सहावीला मोजतं. मधली पाच वर्षं जागा बदलत नाहीत.

कार्तिकीला मोरदऱ्याच्या शाळेने लगेच घेतलं. स्थानिक रहिवासी म्हणून तिचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत झालं. ती रोज सकाळी सातला बापाशेजारी टँकरमध्ये बसते, जाताना टँकर रिकामा असतो म्हणून फार खडखडतो. तो आमच्या शाळेच्या दारावरून जातो. आमच्या शाळेच्या, असं मी आता म्हणतो.

शाळा सुरू झाली त्या शनिवारी मी कॅन न घेता खाली गेलो. रेश्माताईंनी दोन कॅन भरून पायरीवर ठेवले होते. त्यांना वाटलं, जिन्यामुळे मला उशीर झाला.

“आता जवळ आलात, रोज कळशीभर नेत जावा,” त्या म्हणाल्या. “सोसायटीत आमच्या ह्यांचाच टँकर येतो, ते पोरीला द्यायचं नाही. खाणीचं आहे, जड असतं.”

मी त्यांना पायरीवर बसून सांगितलं. पोटाचा विकार नव्हता, वैद्य नव्हते, केसांसाठी पाणी नेत होतो. कार्तिकीच्या कागदावर रेघ का वर गेली तेही बोटाने हवेत काढून दाखवलं. हे सांगताना मी कुठेही विनोद केला नाही, मला वाटतं आयुष्यात प्रथमच. सांगून झाल्यावर मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर हिशोब थोडा तरी मिटला असता.

त्या हातातला फडका पिळत राहिल्या. तो कोरडाच होता.

“म्हणजे पोरगी आजारी नव्हती?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही, ताई.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मी शुक्रवारचे उपास धरले होते तिच्यासाठी.”

मग त्या उठल्या. भरलेले दोन्ही कॅन त्यांनी एकामागून एक उचलून माठात आणि हंड्यात ओतले, सावकाश, सांडू न देता. रिकामे कॅन विसळून माझ्यापुढे ठेवले. तुमचे आहेत, घेऊन जावा, म्हणाल्या. दादा म्हणाल्या नाहीत.

ऋजुताने तक्ता अजून जपून ठेवलाय. मी त्यात एक रकाना वाढवायला गेलो होतो, पण त्याला नाव काय द्यायचं ते सुचलं नाही. मला अर्ज लिहिता येतो. कामाचा भागच आहे, ज्या वाक्यांना कोणी उत्तर देत नाही ती वाक्यं लिहिणं. तो आज आवक-जावक खिडकीवर दिलाय. तिथल्या कारकुनाने विषय वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

प्रति,
मा. जलाधिवास अधिकारी,
शिक्षण विभाग, प्राथमिक

विषय: पाल्याच्या केसांतील पाणी अन्य विद्यार्थिनीच्या नावे वर्ग करणेबाबत.

महोदया,

वरील विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, माझी मुलगी कु. रेवा पराग कुंभोजकर हिच्या केसांत माहे नोव्हेंबर ते एप्रिल या कालावधीचे जांभूळशेत गावचे सहा सेंटिमीटर पाणी आढळून आले आहे. सदर पाणी तिचे नसून शाळेच्या भिंतीलगत राहणाऱ्या कु. कार्तिकी दिगंबर थोपटे हिचे आहे. ते तिने स्वतःच्या माठातून दिले, तेव्हा पावती घेतलेली नाही. तसेच कु. कार्तिकी हिच्या केसांतील मोरदरा खाणीचे सहा सेंटिमीटर पाणी हे वस्तुतः माझे आहे.

तरी उभय विद्यार्थिनींच्या केसांतील नोंदींची अदलाबदल पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावी व माझ्या डोक्यावरील केसांत, उपलब्ध आहेत तितक्या, खाणीच्या पाण्याची नोंद कायमस्वरूपी घेण्यात यावी. अदलाबदल शक्य नसल्यास मागील नोव्हेंबर महिना परत देण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
पराग कुंभोजकर

सोबत: केस, एक पाकीट.